खेळाचें यंत्र आणि खेळणाराचा हात

इ. स. १९९० नंतरच्या दहापंधरा वर्षांत ज्यांचें बालपण गेलें, अशा पालकांपैकीं पुष्कळांच्या घरीं माळ्यावर अथवा कपाटाच्या तळाशीं एक चपटी प्लॅस्टिकची पेटी अजून पडलेली असेल. दूरदर्शन संचास जोडून खेळावयाचें हें यंत्र. त्यांत वरून बसवावयाच्या खेळाच्या डबीस आपल्याकडील मुलें 'कॅसेट' म्हणत, हातांत धरावयाच्या तुकड्यास 'रिमोट' म्हणत आणि सबंध यंत्रास नुसतें 'व्हिडिओ गेम' म्हणत. वास्तविक त्या डबींत फीत नसे, आणि रिमोटास तर चांगली दोन हात लांब वायर असे. परंतु नांवें एकदां रूढ झालीं तीं झालीं. प्रस्तुत लेखांत आम्ही तींच वापरणार आहों.

हीं यंत्रें अलीकडे पुन्हां खालीं उतरूं लागलीं आहेत. कांहीं विद्यार्थ्यांनीं आपल्या वडिलांचें यंत्र दुरुस्त करून घेतलें, कांहींनीं तें आणून आम्हांस दाखविलें. आणि बहुतेकांची तक्रार एकच निघाली कीं, यंत्र चालतें परंतु खेळ जमत नाहीं. कोणी म्हणे उडी वेळेवर बसत नाहीं, कोणी म्हणे बोट दुखेपर्यंत बटण दाबावें लागतें. एका विद्यार्थ्याची अडचण तर अगदींच निराळी होती. तिच्याविषयीं पुढें लिहूं. रिमोट बदलला तर खेळ सुधारेल काय, तसें करणें योग्य कीं ती लबाडी, आणि बदलावयाचाच तर कोणता घ्यावा, हें आज आपण पाहूं.

मूळ यंत्र जपानांतील. क्योटो येथील निन्टेंडो कंपनीनें १५ जुलै १९८३ रोजीं 'फॅमिली कॉम्प्युटर' या नांवानें तें विक्रीस काढलें, आणि १९८५ सालीं त्याचा वेष पालटून तें अमेरिकेंत नेलें. आपल्याकडे तें यंत्र व त्याच्या नकला सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नाना नांवांनीं आल्या. पुढें मुंबईच्या मिताशी कंपनीनेंही 'गेम इन' नांवाचीं यंत्रें काढलीं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड हा विजेच्या व इलेक्ट्रॉनिक मालाचा मोठा बाजार. आणि आपलें मलकापूर मुंबई-नागपूर लोहमार्गावरच असल्यानें सुटींत येणाऱ्या पाहुण्यांच्या सामानांतून असा माल येथवर पोहोंचण्यास अडचण नव्हती. वीज गेली कीं खेळ तेथेंच संपे, कारण यांपैकीं बहुतेक खेळांत मधली प्रगति जपून ठेवण्याची सोय नसे. विदर्भांतील भारनियमनाच्या दिवसांत ज्यांनीं हें सोसलें आहे, त्यांस अधिक सांगणें नको.

आतां रिमोट यंत्राशीं कसा बोलतो तें समजून घेऊं; कारण पुढील सर्व विचार त्यावर उभा आहे. रिमोटावर मुख्य बटणें आठ. तरी त्यांतून यंत्राकडे जाणाऱ्या कामाच्या तारा पांचच. एक पांच व्होल्टची, एक परतीची आणि तीन बोलण्याच्या. वर्गांत हजेरी घेतात तशी ही योजना आहे. प्रथम यंत्र एका तारेवरून इशारा देतें. त्या क्षणीं जें बटण दाबलेलें असेल तें दाबलेलें आणि जें सुटें असेल तें सुटें, अशी नोंद रिमोटांतील एक लहानशी चिप धरून ठेवते. मग दुसऱ्या तारेवरून यंत्र एकामागून एक ठोके देतें, आणि तिसऱ्या तारेवरून एकेक उत्तर येतें. क्रम कायमचा ठरलेला आहे: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खालीं, डावें, उजवें. मूळ रिमोटांतील या चिपचा क्रमांक ४०२१. स्वस्त नकलांत तिच्या जागीं काळ्या लाखेच्या थेंबासारख्या आवरणाखालीं झांकलेली चिप असते, पण काम तेंच. ही हजेरी सामान्यतः पडद्यावरील चित्राच्या प्रत्येक फेरीस एकदां होते. जपान व अमेरिकेंतील यंत्रांत सेकंदास सुमारें ६० वेळां, आणि आपल्याकडील दूरदर्शन पद्धतीस अनुसरून केलेल्या यंत्रांत ५० वेळां.

यांतून दोन गोष्टी निघतात. दोन हजेऱ्यांच्या मध्यें, म्हणजे एक पन्नासांश सेकंदाच्या आंत, दाबून सोडलेलें बटण यंत्रास कळतच नाहीं. दुसरी गोष्ट आमच्या मतें अधिक महत्त्वाची आहे. यंत्रास हात दिसत नाहीं. 'ए दाबलें' एवढीच बातमी त्यास पोहोंचते. तें आंगठ्यानें दाबलें, कोपरानें दाबलें कीं पायानें, याची त्यास वार्ताही नसते.

असें असतां रिमोटाच्या आकारास एवढें महत्त्व कां यावें? कारण यंत्रास हात दिसत नसला, तरी खेळ रचणाराच्या डोळ्यांपुढें हात असतो, आणि त्या हातांत एक विशिष्ट साधन असतें. 'आर्कानॉइड' हा विटा फोडण्याचा खेळ पहा. जपानच्या टायटो कंपनीनें तो १९८६ सालीं काढला. पडद्याच्या तळाशीं एक आडवी फळी असते, तिनें चेंडू परतवीत वरच्या विटा फोडावयाच्या. मूळ खेळ गोल फिरणाऱ्या मुठीनें खेळावयाचा होता. मूठ हलकेंच फिरविली तर फळी हलकेंच सरकते, झटक्यानें फिरविली तर झटक्यानें. हाच खेळ रिमोटावरील दिशेच्या बटणानें खेळूं गेल्यास फळी एकाच चालीनें चालते. चेंडूस वेग आला कीं ती जागेवर पोहोंचत नाहीं, आणि पोहोंचली तर पुढें निघून जाते. म्हणूनच घरगुती यंत्रासाठीं हा खेळ काढतांना टायटोनें त्याच्यासोबत फिरती मूठही दिली. नकली कॅसेटांतून खेळ मिळे; मूठ मिळत नसे. किती मुलांनीं त्या काळीं 'आपल्यास हा खेळ जमत नाहीं' अशी स्वतःची समजूत करून घेतली असेल कोण जाणे! दोष मुलाचा नव्हता, हातांतल्या वस्तूचा होता. १९७७ सालच्या अमेरिकन अटारी यंत्राबरोबर उभ्या दांडीची जॉयस्टिक आणि फिरती मूठ अशीं दोन्ही साधनें मिळत, तीं याच समजुतीनें.

साधन बदलणें ही कांहीं परकी कल्पना नव्हे. आपल्या घरची पेटीच घ्या. हार्मोनियम युरोपांतून आली तेव्हां ती खुर्चीवर बसून, पायांनीं भाता हाणून वाजवावयाची होती. आपले गवई व भजनी मंडळी जमिनीवर मांडी घालून बसणारीं. १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं एका हातानें भाता चालवावयाची पेटी सिद्ध केली, आणि तीच पुढें देशभर पसरली. सूर तेच आणि पट्ट्याही त्याच. एक हात भात्याकडे गेल्यामुळें दोन्ही हातांनीं वाजविण्याची सोय मात्र गेली. असा कांहीं तरी तोटा प्रत्येक बदलांत असतोच, आणि तो आधींच मोजून पाहिलेला बरा. शेतकरी नांगराचें रुमणें आपल्या उंचीप्रमाणें बसवून घेतो. त्यास कोणी लबाड म्हणत नाहीं.

रिमोटावरील अधिकाच्या चिन्हासारखें जें बटण, तें निन्टेंडो कंपनीच्या गुन्पेइ योकोइ यांनीं १९८२ सालीं 'डाँकी काँग' या खिशांत मावणाऱ्या खेळासाठीं योजिलें. आंगठ्यास न पाहतां चारी दिशा समजाव्या ही त्यांतील खुबी. शिवाय तें मधोमध एका उंचवट्यावर तोललेलें असल्यानें डावी बाजू खालीं गेली कीं उजवी आपोआप वर उचलली जाते. एकाच वेळीं डावें आणि उजवें दाबलें जाणें शक्य नसतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, पुढें तिचें काम पडणार आहे. दिशा डाव्या आंगठ्याकडे आणि उडी-गोळी उजव्या आंगठ्याकडे ही वांटणी अशाच रिमोटांमुळें जगभर रूढ झाली. अटारीच्या जॉयस्टिकेंत ती नेमकी उलट होती. बैठक डाव्या हातांत, तांबडें बटण डाव्या आंगठ्याखालीं आणि दांडी उजव्या हातांत. म्हणजे कोणत्या हातानें काय करावें हें निसर्गानें ठरविलेलें नसून कारखान्यानें ठरविलेलें आहे. त्या जॉयस्टिकेंत प्रत्येक दिशेस स्वतंत्र तार असे. तेव्हां कित्येक डावखुऱ्यांनीं ती उघडून तारांची अदलाबदल केली, आणि बैठक पाव फेरीनें फिरवून बटण उजव्या आंगठ्याखालीं आणलें. डावखुऱ्या मुलास मारूनमुटकून उजव्या हातानें लिहावयास लावण्याची रीत आपल्याकडे होती, तिची येथें आठवण होते.

आतां कोणत्या खेळास कोणतें साधन? येथें आमचें मत स्पष्ट आहे: 'सुपर मारिओ'साठीं मूळचा लहान रिमोटच उत्तम. १९८५ सालचा हा खेळ त्याच रिमोटासाठीं रचलेला आहे. त्यांत धांवण्यासाठीं बी दाबून धरावें लागतें, आणि तें न सोडतां उडीसाठीं ए दाबावें लागतें. नवशिका मुलगा आंगठा एका बटणावरून उचलून दुसऱ्यावर नेतो. तेवढ्यांत धांव तुटते आणि मारिओ खड्ड्यांत जातो. जाणता मुलगा आंगठा आडवा ठेवतो. टोंक बी वर टेकलेलें असतें, आणि सांध्याकडचा भाग किंचित दाबला कीं ए लागतें. रिमोट बदलण्यापूर्वीं ही पकड आठ दिवस करून पहावी. निम्म्या तक्रारी येथेंच मिटतील, आणि पैसा वांचेल.

विमानांच्या व गोळीबाराच्या खेळांची गोष्ट निराळी. तेथें तिरक्या दिशा वारंवार लागतात आणि बटण भराभर दाबावें लागतें. आंगठा हें बोट पकडीसाठीं चांगलें. ठोके देण्यास तर्जनी व मध्यमा अधिक चपळ. म्हणून टेबलावर अथवा मांडीवर ठेवावयाची मोठी जॉयस्टिक अशा ठिकाणीं उपयोगी पडते. निन्टेंडोनें १९८७ सालीं 'अ‍ॅडव्हांटेज' नांवाची अशी जॉयस्टिक काढली. तिच्यांत सगळ्या हाताचा जोर वापरतां येतो. पण दांडीस आंगठ्यापेक्षां लांब अंतर जावें लागत असल्यानें मारिओसारख्या नाजुक सरकण्याच्या खेळांत ती मागें पडते. तिच्यावर खेळ 'मंद' करण्याची एक सोय होती, तिची गंमत अशी कीं, ती सोय खेळास मंद करीतच नसे. नुसतें स्टार्ट बटण आपोआप पुन्हां पुन्हां दाबून खेळ थांबवी आणि सुरू करी!

आपल्याकडील रिमोटांवर ए आणि बी यांच्या जोडीस आणखी दोन बटणें असत, त्यांस टर्बो म्हणतात. तें बटण नुसतें धरून ठेवलें कीं आंतील विद्युन्मंडळ दाबणें-सोडणें आपोआप करीत राहतें. त्याचा कमाल वेग किती, हें विद्यार्थ्यांस आतां स्वतः काढतां येईल. एक ठोका मोजला जाण्यास एका हजेरींत 'दाबलें' आणि पुढच्या हजेरींत 'सुटलें' असें उत्तर जावें लागतें. म्हणजे पन्नास हजेऱ्यांत पंचवीसच ठोके. याहून जलद टर्बो केला तरी व्यर्थ. जपानांत १९८५ सालापासून हडसन कंपनीनें मुलांसाठीं ज्या उन्हाळी गोळीबार-स्पर्धा भरविल्या, त्यांत कंपनीचे ताकाहाशी हे गृहस्थ एका सेकंदांत १६ ठोके देण्याबद्दल एवढे प्रसिद्ध झाले कीं, 'ताकाहाशी मेइजिन' म्हणजे उस्ताद ताकाहाशी हेंच त्यांचें नांव पडलें. ज्या खेळांत ठोक्यांचा वेग हेंच कौशल्य आहे, तेथें टर्बो वापरणें म्हणजे धांवण्याच्या शर्यतींत सायकल आणणें होय. स्पर्धांतून असा रिमोट बहुधा चालूं देत नाहींत तें योग्यच. परंतु ज्याच्या बोटांचे सांधे दुखतात, त्यानें घरीं खेळतांना तो वापरला तर त्यास आम्ही चष्म्याहून अधिक दोष देणार नाहीं.

साधन न बदलतां केवळ धरण्याची रीत बदलल्यानेंही किती फरक पडतो, याचें उदाहरण 'टेट्रिस' या ठोकळे रचण्याच्या खेळाचें आहे. अमेरिकन यंत्रावरील १९८९ सालच्या आवृत्तींत दिशेचें बटण दाबून धरलें असतां ठोकळा एक घर सरकतो, १६ हजेऱ्या थांबतो, आणि मग दर ६ हजेऱ्यांस एकेक घर सरकतो. एकोणतिसाव्या पातळीवर मात्र ठोकळा प्रत्येक हजेरीस एक ओळ खालीं येतो. वीस ओळींचा खड्डा तो सेकंदाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शांत उतरतो, आणि दाबून धरून त्यास कडेपर्यंत नेतां येत नाहीं. कित्येक वर्षें ही पातळी म्हणजे खेळाचा शेवट असें धरून चालत. पुढें कांहीं खेळाडूंनीं आंगठा थरथरवून भराभर ठोके देण्याची रीत काढली, आणि २०२० नंतर त्याहून नवलाची रीत आली. आंगठा बटणावर हलका टेकवून ठेवावयाचा, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनीं तबल्यावर बोल काढावा तसे रिमोटाच्या पाठीवर एकामागून एक ठोके द्यावयाचे. बटण बोटाकडे येतें, बोट बटणाकडे जात नाहीं! या रीतीनें २१ डिसेंबर २०२३ रोजीं अमेरिकेंतील ओक्लाहोमा राज्यांतल्या अवघ्या १३ वर्षांच्या एका मुलानें १५७ वी पातळी गांठली, आणि तेथें खेळच गोंधळून बंद पडला. त्यापूर्वीं कोणाही मनुष्यानें तो खेळ तेथवर नेला नव्हता.

नवा रिमोट घेण्यापूर्वीं जुना उघडून पहावा. मागचे स्क्रू काढले कीं आंत एक पट्टी आणि रबराच्या लहान टोप्या दिसतात. टोपीच्या तळाशीं काळा कार्बन असतो. बटण दाबलें कीं तो पट्टीवरील दोन रेघांस जोडतो, एवढेंच सर्व काम. वर्षानुवर्षांचा घाम व धूळ तेथें सांचते, म्हणून बटण जोरानें दाबावें लागतें. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांत मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलाचा बोळा हलक्या हातानें फिरवावा. घासूं नये, नाहीं तर कार्बनच निघून येईल. टोपीवरील कार्बन झिजला असल्यास मऊ शिसपेन्सिल घांसून कांहीं दिवस काम भागतें.

एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. आपल्याकडील पुष्कळ नकली यंत्रांच्या रिमोटास नऊ पिनांचें तोंड असतें, कांहींस पंधरा पिनांचें. अटारीचेंही तोंड नऊ पिनांचें, आणि सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्हचेंही. सेगाचा रिमोट अटारीस लावला तर चालतो, आणि त्याचें बी बटण अटारीच्या बटणाचें काम करतें. हें ऐकून कोणी तोच आपल्या नकली यंत्रास लावूं जाईल. तोंड बसेल, पण तारांचा क्रम अगदीं निराळा आहे, आणि पांच व्होल्टची तार भलत्या ठिकाणीं लागून यंत्र वा रिमोट जळण्याचा संभव आहे. कुलुपांत किल्ली शिरली म्हणजे ती त्याच कुलुपाची असते असें नाहीं. प्रथम मीटरनें तारा तपासाव्या, मग जोडाव्या.

बदकें मारण्याच्या खेळाचें पिस्तूल नव्या चपट्या पडद्यावर चालत नाहीं. तें जुन्या कांचेच्या नळीच्या संचाचा उजेड ओळखावयास केलेलें आहे, तेव्हां तेथें रिमोट बदलून उपयोग नाहीं. उडी उशीरा बसते ही तक्रारही कित्येकदां रिमोटाची नसून नव्या संचाची असते. तो चित्र सुधारण्यांत थोडा वेळ घालवितो. त्याच्या सेटिंगांत 'गेम मोड' असल्यास तो लावून पहावा.

आतां आरंभीं जिचा उल्लेख केला त्या अडचणीकडे वळूं. आमच्या एका विद्यार्थ्याचा डावा हात जन्मापासून मनगटाखालीं दुर्बळ आहे. बोटें मिटत नाहींत. त्याच्या घरीं यंत्र होतें, धाकटा भाऊ खेळे, आणि हा शेजारीं बसून पाही. पाहून पाहून त्यास प्रत्येक खड्डा कोठें आहे तें पाठ झालें होतें. त्यानें आमच्यापाशीं येऊन रिमोट दुरुस्त करून मागितला नाहीं. त्यानें एवढेंच विचारलें कीं, एका हाताचा रिमोट असतो काय?

असतो, आणि पूर्वींही होता. निन्टेंडोनें १९८९ सालींच अमेरिकेंत 'हँड्स फ्री' नांवाचें साधन काढलें होतें. तें छातीवर बांधावयाचें. दिशा तोंडापाशीं असलेल्या लहान दांडीनें द्यावयाच्या, आणि ए व बी यांसाठीं नळींतून श्वास ओढावयाचा वा फुंकावयाचा. ज्यांचे हातपाय दोन्ही चालत नाहींत अशांसाठीं तें होतें, व दुकानांत न मिळतां कंपनीकडून थेट मागवावें लागे. अलीकडे मायक्रोसॉफ्टनें २०१८ सालीं आणि सोनीनें २०२३ सालीं अशा खेळाडूंसाठीं साधनें काढलीं आहेत. मायक्रोसॉफ्टच्या साधनास मागें हेडफोनच्या आकाराचीं १९ भोंकें आहेत, आणि प्रत्येकांत हवें तें बटण जोडतां येतें. मधलें जोडयंत्र घेतल्यास अशीं साधनें जुन्या यंत्रांसही लागतात. परंतु एवढा खर्च आमच्या विद्यार्थ्यास झेपण्यासारखा नव्हता. भोंकांची कल्पना मात्र आम्हीं घेतली.

एक जुना रिमोट उघडला. प्रत्येक बटणाच्या दोन रेघांस दोन बारीक तारा सोल्डर केल्या. कार्बनच्या रेघेवर सोल्डर धरत नाहीं. ती थेट तांब्यापर्यंत खरवडावी लागते, आणि आमचा एक सबंध शनिवार त्यांतच गेला. तारांची दुसरीं टोंकें हेडफोनच्या सॉकेटांस दिलीं व सॉकेटें एका लांकडी पेटीस बसविलीं. बटणें म्हणून दरवाजाच्या घंटीचीं घेतलीं. तीं विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानांत मिळतात, आणि हात काढला कीं आपोआप वर येतात. विद्यार्थ्यांनीं हें करून पाहण्यास हरकत नाहीं, मात्र रिमोटाच्या पांच व्होल्टांपुरतेंच. यंत्राच्या वीजपुरवठ्याची पेटी उघडूं नये, तेथें घरांतील २३० व्होल्ट असतात.

खरी अडचण पुढें होती. कोणतें बटण कोणत्या अवयवास द्यावें? प्रथम आम्हीं डावें-उजवें ही दोन सुटीं बटणें दोन पायांखालीं ठेविलीं. घाईंत दोन्ही एकदम दाबलीं जात, आणि मारिओ भलतेंच वागे. तेव्हां योकोइ यांचें अधिक-बटण आठवलें. एकच फळी मधोमध दांडीवर तोलली, दोन टोंकांखालीं दोन बटणें ठेविलीं, आणि गोंधळ थांबला. धांवण्याचें बी बटण दीर्घकाळ दाबून धरावयाचें असतें, पण तेथें चपळाई लागत नाहीं. म्हणून तें डाव्या कोपरास दिलें, कारण त्याचा दंड बळकट आहे. उडीचें ए बटण क्षणांत दाबून क्षणांत सोडावें लागतें. तें उजव्या तर्जनीस. वर, खालीं आणि स्टार्ट हीं त्याच हाताच्या बाजूस ठेविलीं. आम्हांस वाटलें होतें कीं महत्त्वाचीं बटणें चांगल्या हातास द्यावीं, आणि त्या विद्यार्थ्याचें म्हणणें असें कीं, दाबून धरावयाचें काम एकाकडे आणि ठोका मारावयाचें काम दुसऱ्याकडे अशी वांटणी हवी. त्याचेंच खरें ठरलें.

पाय आंगठ्याइतका चपळ नाहीं. उलट दिशेस वळावयास त्यास अजूनही क्षणभर अधिक लागतो, आणि हा तोटा राहणारच. 'काँट्रा' या दोघांनीं मिळून खेळावयाच्या खेळांत बी म्हणजे गोळी आणि ए म्हणजे उडी. गोळीस भराभर ठोके लागतात. तेथें तो ए आणि बी यांच्या वायरी एकमेकींच्या सॉकेटांत लावतो, आणि गोळी तर्जनीकडे व उडी कोपराकडे जाते. वायर बदलण्यास दहा सेकंदही लागत नाहींत. धबधब्याच्या टप्प्यावर जो मागें राहील तो मरतो, तेथें धाकटा भाऊ वरच्या खडकावरून "दादा, लौकर वर ये, नाहीं तर गेलास!" म्हणून ओरडतो, आणि हा त्यास "तूं थांब, पडदा वर ओढूं नको" म्हणून दटावतो.

या कामीं घरच्या मंडळींचें साह्य लागलें तें नमूद केलें पाहिजे. 'आधींच अभ्यास, त्यांत हें खूळ कशास' असें प्रथम त्यांस वाटलें. तें वाटणें स्वाभाविक होतें, आणि खेळास रोज अर्धा तास ही मर्यादा त्यांनींच घातली. पण फळीस लांकूडही त्यांनींच दिलें, आणि ती जमिनीवर सरकूं नये म्हणून जुन्या सायकलच्या टायरची पट्टी खालीं मारण्याची युक्तिही घरचीच.

पेटीचें झांकण अजून बसवावयाचें आहे. मारिओच्या खेळांत तो सध्यां चवथ्या जगाच्या किल्ल्यांत अडला आहे. तेथील वाटा चुकल्या तर मनुष्य फिरून पुन्हां त्याच ठिकाणीं येतो, आणि त्यास कोणत्याही रिमोटाचा इलाज नाहीं.